मागच्या दिव्यांबद्दलची पत्रं

कुवेतला जाईपर्यंत मला गाड्यांतलं काहीही कळत नव्हतं. नाशिकला आमच्या घरी दोन सायकली आणि थोरल्या दिरांची एक स्कूटर होती, बस्स. मी फिजिओथेरपिस्ट. माणसाचा गुडघा किती वाकतो, खांदा नेमका कुठे अडकतो, हे मला हात लावला की कळायचं. पण दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या असत्या, तर रंगापलीकडचा फरक मला सांगता आला नसता.

शहात्तर साली मी तिथल्या एका सरकारी हॉस्पिटलात रुजू झाले. नवरा दोन वर्षं आधीच तिकडे गेला होता. दक्षिणेकडच्या एका रिफायनरीत टेक्निशियन होता. मंगफ नावाच्या उपनगरात आम्ही दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. मुलगी तेव्हा सहा वर्षांची. ती नाशिकलाच राहिली, माझ्या मोठ्या जाऊबाईंकडे. सुरुवातीला तिचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, मिळेना. आमच्या दोघांच्याही करारात कुटुंब बसत नव्हतं. दीडेक वर्षाने नियम थोडे सैल झाले, तेव्हा खटपट केली असती तर मिळाला असता. पण तोवर ती दुसरीत गेली होती, शाळेत रुळली होती, आणि आमच्या दोघांच्या ड्यूट्या उलटसुलट होत्या. ‘चांगली शाळा मध्येच कशाला मोडायची,’ असं आम्ही म्हणालो. हे वाक्य आधी कोण म्हणालं, मी की हे, ते मला आठवत नाही. आठवत नाही तेच बरं आहे.

पत्रं निळ्या घडीच्या एअरलेटरवर जायची, थोरल्या दिरांच्या नावे. सासूबाईंच्या तब्येतीची चौकशी, कुणाबरोबर काय पाठवलंय ते, लग्नकार्यं, असं सगळं लिहून झालं, की गोंदाच्या पट्टीजवळ जेवढी जागा उरेल तिच्यात मुलीसाठी चार ओळी. काकूचं ऐक. दूध पी. अक्षर सुधार. पाढे म्हणतेस ना? यापेक्षा जास्त लिहायला बसलं की माझा हात थांबायचा. काय लिहिणार? तुझी आठवण येते, असं सहा वर्षांच्या मुलीला लिहिलं, तर ती साहजिकच विचारणार, मग येत का नाहीस.

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात आमच्या वॉर्डात एक कुवेती बाई आल्या. वय साठीच्या आसपास, अर्धांगवायूचा झटका, उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. एकच शब्द उरला होता: ‘ला’. म्हणजे नाही. पाणी हवं का, ला. दुखतंय का, ला. पाय उचलू का, तर तीनदा ला. सगळे त्यांना हज्जिया म्हणायचे आणि त्यांच्या नवऱ्याला हाजी. हाजी रोज भेटीच्या वेळेआधी अर्धा तास येऊन बाहेरच्या बाकावर बसायचे. उंच, वाळलेले, डोळ्यांच्या कडांना उन्हाच्या सुरकुत्या. मी भारतातली आहे हे कळल्यावर त्यांनी माझ्याशी थेट हिंदीत सुरुवात केली.

“हम बंबई बहुत गया,” ते म्हणाले. “बच्चा था तब से. बाप का जहाज था. खजूर लेके जाता था, लकडी लेके आता था.”

त्यांची हिंदी गोदीतली होती, व्याकरण कुठल्या कुठे गेलेलं; पण तेवढ्या हिंदीवर आमचं सहा वर्षं निभावलं.

हज्जियांना घरी सोडल्यावर हॉस्पिटलच्या परवानगीने मी आठवड्यातून तीन दिवस त्यांच्याकडे जाऊ लागले. रुमैथियात त्यांचं दुमजली घर होतं. ड्यूटी संपली की त्यांचा मुलगा मला न्यायला यायचा. खोलीत हज्जिया व्यायामाला दाद देत नसत. त्यांना बाहेर काढायला हवं होतं, पण तिथेच पहिली अडचण आली. मुलाची गाडी नवीन होती, अमेरिकन, हॉलएवढी लांब. छपराला कातड्यासारखं काहीतरी चिकटवलेलं, पुढच्या दिव्यांना पापण्यांसारखी झाकणं, मागच्या खांबात एक छोटी लंबगोल खिडकी. दिसायला राजेशाही, पण बैठक इतकी खाली आणि इतकी मऊ, की हज्जिया तिच्यात बसता बसता कलंडल्या. त्या ओरडल्या, “ला, ला, ला!” त्या दिवशी पुन्हा खोलीत.

मी पर्समधून मोजपट्टी काढली. आमच्या कामात ती लागतेच. पलंग, खुर्ची, काठी, सगळं मापून घ्यावं लागतं. त्या गाडीची बैठक जमिनीपासून सोळा इंच भरली.

हाजी बाजूला उभे राहून बघत होते. “कितना चाहिए?” त्यांनी विचारलं.

“वीस,” मी म्हणाले. “आणि सीट कडक हवी. दार चांगलं रुंद उघडायला हवं.”

 ते मला हाताने खूण करून घराच्या मागच्या बाजूला घेऊन गेले. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्री घातलेलं काहीतरी होतं. त्यांनी एका कोपऱ्याला धरून ओढलं. धुळीचा लोट उठला, आणि तो खाली बसला तेव्हा मला निळा रंग दिसला. आपल्याकडे जुन्या सतरंजीत असतो तसा, ऊन खाऊन मऊ झालेला निळा. पुढे दोन मोठे चकचकीत गोळे, बंदुकीच्या गोळीसारखे टोकदार. पुढची काच दोन्ही बाजूंनी वळून दाराशी आलेली. आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर माशाच्या परासारखे उभे पंख, त्यांच्या टोकाला लाल दिवे.

“छप्पन साल की,” हाजी म्हणाले. “जहाज से उतरी, उसी दिन इसको बिठाके रेगिस्तान गया. तंबू लगाया.” इसको म्हणजे हज्जियांना. त्यानंतर त्यांनी सहा-सात गाड्या घेतल्या आणि विकल्या. ही एकच विकली नाही, कारण हज्जियांनी विकू दिली नव्हती.

मी मोजपट्टी लावली. साडेवीस इंच.

शुवैखच्या गॅरेजमधून मेकॅनिक आला. महिनाभर लागला. टायर वाळून भेगाळले होते, सगळ्या रबरी नळ्या बदलाव्या लागल्या. इंजिन मात्र पहिल्या आठवड्यातच सुरू झालं. दाराच्या खांबाला दोन स्क्रू मारून मी एक जाड कॅनव्हासचा पट्टा बसवून घेतला. डाव्या हाताने तो धरून हज्जियांनी स्वतःला वर ओढायचं, अशी योजना. घरापासून गाडीपर्यंत अकरा पावलं होती. पहिल्या दिवशी त्या अकरा पावलांना वीस मिनिटं लागली. मग मी त्यांना पाठ करून उभं केलं, आधी बसायचं आणि मग पाय आत घ्यायचे हे दाखवलं. त्यांनी पट्टा धरला. बसल्या. नीट, ताठ बसल्या. हाजींनी गाडी फाटकाबाहेर काढली आणि समुद्राच्या रस्त्याला लावली. मी मागे हज्जियांच्या शेजारी. वाटेत सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा हज्जियांनी पुढच्या सीटच्या पाठीवर हात आपटला आणि म्हणाल्या, “यल्ला!”

चल. झटक्यानंतर त्यांच्या तोंडून आलेला हा दुसरा शब्द. हाजींनी मागे वळून पाहिलं नाही. हिरवा दिवा लागला तरी क्षणभर ते तसेच बसून राहिले. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले, तेव्हा निघाले.

त्या आठवड्याच्या एअरलेटरमध्ये मुलीच्या चार ओळींत मी लिहिलं: ‘आज एका आजींना गाडीत बसवलं. गाडी फार लांब आहे आणि तिला माशासारखे पंख आहेत.’

तीन आठवड्यांनी तिचं उत्तर आलं. रेघांच्या कागदावर, मोठ्या गोल अक्षरात. ‘किती लांब? आपल्या दारापासून चौकातल्या खांबापर्यंत का? पंख मागे आहेत का पुढे? मागचे दिवे कसे आहेत? पेट्रोल कुठून घालतात?’

तिने मला काही विचारलं, असं ते पहिलंच पत्र. मी ते ड्यूटीवर एप्रनच्या खिशात घेऊन फिरले.

पेट्रोल कुठून घालतात, हे मला सापडेना. गाडीभोवती दोन चकरा मारल्या, झाकण कुठेच नाही. शेवटी हाजींना विचारलं. ते एवढे हसले, की मी त्यांना तसं हसताना प्रथमच पाहिलं. ते मला मागे घेऊन गेले, डाव्या पंखाच्या दिव्याखालचं एक गोल लाल बटण दाबलं, आणि अख्खा दिवाच वर उचलला गेला. आत पेट्रोलचं झाकण.

“कौन पूछा?” त्यांनी विचारलं.

“माझी मुलगी. भारतात आहे.”

“कितना साल?”

“आठ.”

 पुढच्या खेपेला मी गेले, तेव्हा हज्जियांचा व्यायाम संपल्यावर त्यांनी मला बसवलं, चहा मागवला, आणि गाड्यांची सगळी कथा सांगायला घेतली. म्हणाले, मुलीला लिही.

मी लिहिलं. एअरलेटर पुरेना, म्हणून पाकिटं आणली. महायुद्ध संपल्यावर अमेरिकेतल्या कुणीतरी लढाऊ विमानाची दुहेरी शेपटी पाहिली आणि तिच्यावरून गाडीला छोटे पंख लावले. सुरुवातीला एवढेसे, उंचवटा म्हणावा इतके. हाजी टेबलावर तळहात ठेवून तो हळूहळू तिरका उभा करायचे: “हर साल एक उंगली ऊपर.” मग एकोणसाठ साली पंख इतके उंच झाले, की लोक हसायला लागले, आणि तिथून हात पुन्हा खाली यायचा, साठ, एकसष्ट, बासष्ट, पासष्टपर्यंत टेबलाला टेकायचा. पंख गेले, नुसती एक धार उरली. मग गाड्या रुंद झाल्या, खाली बसल्या, छपराला कातडी कापड आलं. कुवेतच्या उन्हात ते दोन वर्षांत तडकायचं. आणि गंमत म्हणजे, इकडच्या तेलाचा भाव चढला म्हणून तिकडच्या गाड्या आखूड झाल्या. सत्याहत्तरचं मॉडेल एका हाताने लहान आलं, तेव्हा हाजींचा धाकटा मुलगा आठवडाभर कुरकुरत होता. हे सगळं मी मुलीला लिहिलं. प्रत्येक गाडीच्या बैठकीची उंची लिहिली. रस्त्यात, हॉस्पिटलच्या आवारात, ओळखीपाळखीत, जिथे अमेरिकन गाडी दिसेल तिथे मालकाला विचारून मी मोजपट्टी लावायची. मागच्या दिव्यांची चित्रं काढली. मला चित्रकला येत नाही. दिवे मात्र जमायला लागले.

हे सुरुवातीला हसायचे. “अगं, लोक काय म्हणतील? बाई पार्किंगमध्ये वाकून सीट मोजतेय!” मग तेही येता-जाता सांगायला लागले, आमच्या रिफायनरीतल्या साहेबाने नवीन गाडी आणलीय, येऊन बघ.

मुलीची पत्रं येत राहिली. प्रश्न संपत नव्हते. दिवे आपोआप कमी-जास्त होतात म्हणतेस, ते कसे? गाडीत थंड हवा कुठून येते? मी हाजींकडे जायची, उत्तर आणायची, तीन पानं लिहायची. पाकीट चिकटवताना वाटायचं, आज तिच्याशी पोटभर बोलले.

दर वर्षी आम्ही महिनाभर नाशिकला यायचो, पण तो महिना भेटीगाठींत आणि डॉक्टरांच्या वाऱ्यांत जायचा. ती लाजायची, काकूच्या मागे उभी राहायची. मला वाटायचं, पत्रांतून आपलं जे आहे ते खरं, हे वरवरचं.

मधल्या काळात एकदा, एक्याऐंशीच्या सुमारास, निळ्या गाडीच्या वायपरखाली कुणीतरी चिठ्ठी ठेवली: गाडी विकायची असल्यास कळवावे. कुठल्याशा कंपनीतला एक परदेशी इंजिनिअर जुन्या गाड्या जमवायचा. तो घरी आला, अंगणात पाठीवर झोपून गाडीखाली शिरला, आणि बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता. म्हणाला, गंज नाही. रंग कारखान्यातला. आतल्या पत्र्यावरचा नंबर आणि इंजिनाचा नंबर जुळतो. दोन दारांची असती तर लोकांनी आणखी वेड्यासारखी मागितली असती. पण चार दारांची असूनही अशी, कुणी हात न लावलेली, आता अमेरिकेतसुद्धा सापडत नाही. हाजींनी त्याला खजूर आणि कॉफी दिली, आणि गाडी द्यायला नकार दिला. तो गेल्यावर मला म्हणाले, “हाथ नहीं लगाया बोलता है. पच्चीस साल हम क्या किया फिर?”

ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात हज्जिया गेल्या. दुसरा झटका, दोन दिवसांत. तोपर्यंत त्या काठी घेऊन फाटकापर्यंत चालत होत्या आणि सात-आठ शब्द बोलत होत्या. मला त्या घरी जायचं कारण उरलं नाही, तरी मी महिन्यातून एकदा शुक्रवारी जायची. मुलीचे प्रश्न असायचे ना.

त्र्याऐंशीच्या मे महिन्यात, आठवीची परीक्षा झाल्यावर, मुलगी पहिल्यांदा कुवेतला आली. पाच आठवड्यांसाठी. विमानतळावर आमच्या दोघांहून जेमतेम चार बोटं कमी उंचीची एक मुलगी ट्रॉली ढकलत आली आणि आमच्या पाया पडली. घरी आल्यावर हात धुऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली.

“आई, फ्रिज उघडू का?”

मी “हो गं” म्हणाले आणि बेसिनचा नळ मोठा सोडून उगाच भांडी विसळत बसले. पाहुणी विचारते तसं तिने विचारलं होतं.

दुसऱ्याच शुक्रवारी मी तिला रुमैथियाला नेलं. हाजींनी गाडी धुऊन ठेवली होती. मुलगी तिच्याभोवती फिरली, मान डोलावली, “छान आहे,” म्हणाली. हाजींना राहवेना. त्यांनी तिला मागे बोलावलं. “तुम पूछा था ना, छोटा था तब. पेट्रोल का. खोलो, खोलो.”

तिने डाव्या हाताने बटण दाबलं, दिवा थोडा सुटला, आणि तो वर घ्यायला तिने उजवा हात खाली घातला. तळहात वर करायला हवा होता. तो झाला नाही. हात कोपरापासून पुढे फिरलाच नाही. त्याऐवजी तिने खांदा वाकवला, अख्खी एका बाजूला कलली, आणि दिवा उचलला. दोन सेकंदांचं काम. हाजी टाळ्या वाजवत होते. पण मी आयुष्यभर तेच बघत आले होते. माणूस एका सांध्याची उणीव दुसऱ्याने भरून काढतो, ते मला लांबूनही ओळखू येतं.

मी तिचा हात धरला. “वर कर तळहात.”

“काही नाही गं आई.”

“कर म्हणते ना.”

अर्ध्यात अडकला.

“कधी मोडला?”

ती हाजींकडे बघायला लागली, मग जमिनीकडे. “पाचवीत. खो-खो खेळताना. प्लॅस्टर होतं दीड महिना.”

“मला कुणी कळवलं नाही?”

“काकू म्हणाली, तुला कळवू नये. तिकडे लांब आहेस, जिवाला लावून घेशील. नंतर मग... राहिलंच.”

हाजींना मराठी कळत नव्हतं, पण चेहरे कळत होते. त्यांनी दिवा हळूच खाली केला आणि म्हणाले, “चलो, समुंदर जाएंगे.” आम्ही तिघं समुद्राच्या रस्त्याने गेलो. ती मागे माझ्या शेजारी बसली होती.  मी तिचा उजवा हात माझ्या मांडीवर ठेवून घेतला होता, आणि मनगट चाचपत होते. हाडाने अडलेलं असेल तर व्यायामाने सुटत नाही. स्नायूने अडलेलं असेल तर थोडंफार सुटतं.

घरी आल्यावर मी जुनी पत्रं काढली. पाचवीच्या वर्षातली दोन पत्रं जाऊबाईंच्या अक्षरात होती. ‘तिची परीक्षा चालू आहे म्हणून तिने सांगितलं ते मी लिहितेय.’ खाली प्रश्न: पुढच्या काचेला वळण कसं देतात? आणि मी त्याचं उत्तर चार पानी पाठवलं होतं. आईला वेगळ्या अक्षरातलं पत्र येतं, आई फिजिओथेरपिस्ट, आणि आई काचेबद्दल लिहिते.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी जेवणं झाली की मी एसी लावून तिला समोर बसवायची. गरम पाण्याचा शेक, मग तिचं कोपर तिच्या कमरेला चिकटवून हात हळूहळू फिरवायचा. अर्धा तास. एवढा वेळ मी तिचा हात धरून बसले, असं ती सहा वर्षांची झाल्यापासून प्रथमच घडत होतं. पहिले तीन दिवस ती नुसती खिडकीकडे बघायची. चौथ्या दिवशी मी बोलायचं म्हणून म्हणाले, “पुढच्या शुक्रवारी हाजी आपल्याला एकाची पासष्टची गाडी दाखवणार आहेत. पंख गेल्यानंतरची.”

ती म्हणाली, “आई, तुला राग नाही ना येणार?”

“कशाचा?”

“मला गाड्या आवडत नाहीत. म्हणजे, तशा काही खास नाहीत आवडत. कधीच नव्हत्या.”

मी तिचा हात फिरवत राहिले. थांबले असते तर तिला कळलं असतं.

“मग एवढी वर्षं विचारत होतीस?”

“तू मला चार ओळी लिहायचीस. दूध पी, पाढे म्हण. मग ती गाडी आली, आणि मी दिव्यांचं विचारलं, तर तू तीन पानं लिहिलीस. मला वाटलं, तुला गाड्या खूप आवडतात. गाड्यांचं विचारलं की तू लिहितेस.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “मोठं पत्र आलं की मी एकदम नाही वाचायचे. रोज एक पान. चार दिवस पुरायचं.”

पाच वर्षं मी तिच्यासाठी गाड्यांच्या सीटा मोजत फिरले होते, आणि पाच वर्षं ती माझ्यासाठी प्रश्न तयार करत होती. आम्हा दोघींनाही गाड्यांशी काही देणंघेणं नव्हतं. मला वाटतं, मी हसले. हसता हसता काहीतरी भलतंच झालं, आणि तिने डाव्या हाताने माझं डोकं तिच्या खांद्याशी ओढून घेतलं. तेरा वर्षांच्या मुलीने आईला असं धरणं बरोबर नाही. पण धरलं खरं.

“मग तुला काय आवडतं?” शेवटी मी विचारलं.

 तिला ते चटकन सांगता येईना. मला कुठून सांगायला सुरुवात करावी, हेच तिला कळत नसावं. मग हळूहळू, रोज थोडंथोडं, त्या अर्ध्या तासात ती सांगायला लागली. खो-खोच्या संघातून तिला काढलं होतं, हातामुळे. गणिताच्या बाई आवडत होत्या. काकूच्या धाकट्या मुलाशी तिचं पटत नव्हतं. रात्री पंख्याचा आवाज झाल्याशिवाय तिला झोप येत नसे. ती सांगे आणि मी ऐके. पाच आठवड्यांत हात बराच फिरला, पूर्ण नाही. शेवटचे वीस अंश हाडानेच अडले होते.

ती परत गेल्यावर मी हॉस्पिटलात कळवलं, की करार संपला की पुढे वाढवणार नाही. ह्यांचं अजून दोन वर्षं राहायचं ठरलं. त्यावरून आमच्यात भांडण झालं नाही, ते म्हणाले, “तू जा. मलाही जायला हवं होतं, आधीच.”

मी निघायच्या आधीच्या हिवाळ्यात हाजींनी गाडी त्या जमवणाऱ्या इंजिनिअरला दिली. मुलांनी आता जर्मन गाड्या घेतल्या होत्या. अमेरिकन गाडीत वेग दाखवायला काट्याऐवजी आकडे पेटायला लागले तेव्हाच मुलांचं मन तिच्यावरून उडालं होतं. हाजी म्हणाले, मी गेल्यावर मुलं ही विकतील, हा माणूस ही ठेवील. न्यायच्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. इंजिनिअरने यादी केली होती: चाकाची एक टोपी नाही, ती शोधावी लागेल, सीटची शिवण उसवलीय, तशीच ठेवायची. मग त्याने दाराच्या खांबाला बसवलेला कॅनव्हासचा पट्टा दाखवला. हा मूळचा नाही, म्हणाला, काढून टाकेन. दोन भोकं बुजवता येतील, पण जाणकाराला कळणारच.

हाजींनी स्वतः स्क्रू ड्रायव्हर आणला. पट्टा जिथे धरायचा तिथे तो काळा पडून मऊ झाला होता. त्यांनी तो काढला, घडी घालून अंगातल्या लांब झग्याच्या, दिशदाश्याच्या, खिशात ठेवला, आणि इंजिनिअरला म्हणाले, भोकं बुजवू नकोस. तो का म्हणून विचारणार होता, पण त्याने माझ्याकडे पाहिलं आणि बरं म्हणाला. त्याने बुजवली की नाही, मला ठाऊक नाही. गाडी फाटकातून बाहेर गेल्यावर आम्ही दोघं त्या शेडपाशी बराच वेळ उभे होतो. सिमेंटवर चार टायरांच्या जागा फिकट दिसत होत्या.

“बेटी को बोलो,” हाजी म्हणाले, “हाजी सलाम बोला.” त्यांना मी पुन्हा भेटले नाही.

चौऱ्याऐंशीच्या एप्रिलमध्ये मी नाशिकला आले. दिरांच्या घराजवळच एक जागा भाड्याने घेतली, पुढच्या खोलीत दवाखाना, मागे आम्ही दोघी. पहिले काही महिने मुलगी शाळेतून आली की सवयीने काकूच्या घरी शिरायची, तिथे खाऊन मग इकडे यायची. मी कधी बोलले नाही. जाऊबाईच तिला हाताला धरून आणून सोडायच्या. एकदा दारातच मला म्हणाल्या, “त्या हाताचं तुम्हाला कळवायला हवं होतं. चुकलंच माझं.” मी म्हणाले, “वहिनी, चुकलं ते त्याच्या आधीच.” मग दोघी चहाला बसलो.

चार वर्षं मुलगी माझ्याजवळ होती. मग पुण्याला शिकायला गेली, मग नोकरी, लग्न. ती चार वर्षं चांगली गेली, नाही असं नाही. भांडलो, रुसलो, रात्रीच्या पंख्याच्या आवाजावरूनसुद्धा वाद झाले. पण सहा ते चौदा ही वर्षं मी पाहिलेली नाहीत, आणि ती कुणाकडून उसनी आणता येत नाहीत. कधी ती तिच्या मुलीला झोपवताना एखादं गाणं गुणगुणते; मला ते येत नसतं. ते काकूने शिकवलेलं असतं. मी स्वयंपाकघरात उभी राहून ते संपेपर्यंत ऐकते, आणि मग हळूच दार लोटून घेते, बाळ जागं होऊ नये म्हणून.